देश मत कसे देतात? पिवळ्या दिव्यामागची गोष्ट



संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एखाद्या मोठ्या ठरावावर मतदान झाले की दोन-तीन तासांत आपल्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. मोठा फलक, त्यावर देशांची नावे आणि नावांपुढे दिवे. बाजूने मत असेल तर हिरवा, विरोधात असेल तर लाल, तटस्थ असेल तर पिवळा. भारतापुढे पिवळा दिसला की एखादे काका लिहितात, "वा! कुणाच्या दावणीला बांधलेले नाही आपण." दहा मिनिटांनी परदेशातली एखादी चुलत बहीण लिहिते, "मूग गिळून गप्प बसण्यात कसला आलाय अभिमान?" मग दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळेच बुडून जाते.

मार्च २०२२ मध्ये हाच प्रश्न मला ऑफिसच्या कॉलवर आला. आमच्या टीमचे काही लोक पोलंडमध्ये असतात. काम संपल्यावर त्यांच्यातल्या एकीने सरळ विचारले, "तुमच्या देशाने रशियाच्या विरोधात मत का दिले नाही?" तिच्या शहरात तेव्हा युक्रेनमधून आलेली कुटुंबे रोज रेल्वेतून उतरत होती, त्यामुळे तिच्यासाठी हा पेपरातला विषय नव्हता. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले, पण तिचेही समाधान झाले नाही आणि माझेही.

मी इंजिनिअर माणूस. परराष्ट्र धोरणाशी माझा संबंध बातम्या वाचण्यापुरता. पण नोंदी, कोष्टके आणि कोड हे रोजचे काम. १९४६ पासून आमसभेत नोंदवली गेलेली मते कुणालाही पाहायला खुली आहेत हे कळल्यावर शनिवार-रविवारी ती उघडून बसायचा छंदच लागला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. एका मतावरून कोण कुणाचा मित्र हे ठरत नाही. ते मत कुठे पडले, कोणत्या नियमाखाली पडले, कोणत्या मजकुरावर पडले आणि त्याच्या आधी-नंतर काय पडले, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ते कसे पाहायचे, ते या लेखात सांगतो.

आधी हे पाहा: मतदान झाले होते का?

आंतरराष्ट्रीय योग दिनाचे उदाहरण घ्या. "१७७ देशांनी भारताच्या बाजूने मतदान केले" असे आपण अनेकदा वाचतो. प्रत्यक्षात ११ डिसेंबर २०१४ रोजी तो ठराव मतदानाशिवाय, सर्वसंमतीने मंजूर झाला. १७७ हा आकडा ठरावाला सहप्रस्तावक म्हणून नाव देणाऱ्या देशांचा आहे. आमसभेतले बहुसंख्य ठराव असेच मतदानाशिवाय मंजूर होतात. म्हणजे आपण ज्याला "देशांच्या मतदानाची माहिती" म्हणतो, ती मुळात भांडणाच्या विषयांची माहिती असते. जिथे पटले, तिथे नोंदीच नाहीत. घरातल्या फक्त वादावादीच्या रेकॉर्डिंगवरून घर कसे आहे हे ठरवल्यासारखे ते होईल.

दुसरीकडे, काही मतदाने होतात पण गुप्त असतात. सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागांची निवडणूक गुप्त मतदानाने होते. १९९६ मध्ये आशियाच्या जागेसाठी जपानला १४२ आणि भारताला ४० मते मिळाली. २०२० मध्ये भारताला १९२ पैकी १८४ मते मिळाली. १९९६ च्या त्या पराभवाच्या महिनाभर आधी, १० सप्टेंबरला, अणुचाचणी बंदीचा करार आमसभेत १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला होता. विरोधातले ते तीन देश म्हणजे भारत, भूतान आणि लिबिया. या दोन घटना जोडून "करार नाकारला म्हणून हरलो" असे म्हणायचा मोह होतो. पण मते गुप्त असल्याने कुणी का पाठ फिरवली, हे नोंदीतून सिद्ध करता येत नाही. शिवाय २०२० ची निवडणूक भारताने एकट्याने, आशिया गटाचा ठरलेला उमेदवार म्हणून लढवली होती. समोर जपान नव्हता. आकडे दोन्ही खरे, पण त्यांची तुलना खरी नाही.

मग हे पाहा: सभा कोणती?

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या गोव्याचेच आहे. १८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरले होते आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की लढाई थांबवावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावे. मते पडली ७ विरुद्ध ४. परिषदेत तेव्हा ११ सभासद होते आणि मंजुरीला ७ मते पुरत. म्हणजे ठराव मंजूर होण्याइतकी मते मिळाली होती. तो पडला तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

नुसता ७–४ हा आकडा पाहिला तर जग भारताच्या विरोधात होते असे वाटेल. आता सात कोण ते पाहा: ठराव मांडणारे चार, शिवाय चिली, इक्वाडोर आणि तैवानमधून चीनची जागा सांभाळणारे सरकार. भारताच्या बाजूचे चार म्हणजे सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचे तेव्हाचे संयुक्त अरब प्रजासत्ताक. आशिया-आफ्रिकेतले नुकतेच स्वतंत्र झालेले देश त्या छोट्या सभेत मूठभरच होते.

हाच प्रश्न मोठ्या सभेत कसा दिसत होता? १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांत एकाच वर्षात १७ नवे सभासद आले, त्यातले १६ आफ्रिकेतले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. नऊ देश तटस्थ राहिले आणि त्यात पोर्तुगाल होता, तसेच अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सही होते. दुसऱ्याच दिवशी आमसभेने पोर्तुगालच्या स्वराज्य नसलेल्या प्रदेशांची यादी मंजूर केली. त्या यादीत गोवा आणि त्याच्या अखत्यारीतले भाग नावानिशी होते. वसाहती संपायला हव्यात का, या एकाच प्रश्नाचे उत्तर आमसभेत एक होते आणि वर्षभराने सुरक्षा परिषदेत दुसरे. अर्थात १९६१ मध्ये परिषदेपुढे "सैन्य वापरावे का" हा वेगळा मुद्दाही होता, हे विसरून चालणार नाही.

सभा बदलली की मताचे वजनही बदलते. आमसभेत १९३ देश आणि प्रत्येकाला एक मत. आज सुरक्षा परिषदेत १५ सभासद आहेत, नऊ मते लागतात आणि पाच जणांकडे नकाराधिकार आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मते वर्गणीच्या वाट्यावर ठरतात. तिथे अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत आणि सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के लागतात. म्हणजे नाव न घेता तिथेही नकाराधिकारच झाला. भारताची मते तिथे पावणेतीन टक्क्यांच्या आतच आहेत.

नियम: ९३ जिंकतात आणि ८८ हरतात

आता दोन मतदाने शेजारी ठेवू.

७ एप्रिल २०२२: रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित करण्याचा ठराव. बाजूने ९३, विरोधात २४, तटस्थ ५८.

२७ ऑक्टोबर २०२३: गाझाविषयीच्या ठरावात हमासचा नावानिशी निषेध घालावा अशी कॅनडाची दुरुस्ती. बाजूने ८८, विरोधात ५५, तटस्थ २३.

पहिला मंजूर, दुसरी नामंजूर. दोन्हींना दोन-तृतीयांश मते हवी होती. पण कशाच्या दोन-तृतीयांश? "हजर राहून मत देणाऱ्यांच्या." आमसभेच्या नियमानुसार तटस्थ राहणारा देश मत देणाऱ्यांत धरला जात नाही. पहिल्या वेळी ९३ आणि २४ मिळून ११७ मते, त्यात ९३ म्हणजे सुमारे ८० टक्के. दुसऱ्या वेळी एकूण १४३, त्यात ८८ म्हणजे ६२ टक्क्यांच्या आत. म्हणून ९३ म्हणजे एकूण सभासदांच्या निम्म्याहूनही कमी मतांवर रशियाचे निलंबन झाले.

यातून पिवळ्या दिव्याचा पहिला अर्थ कळतो. पिवळा दिवा म्हणजे "मी या गणितात नाही." ठराव पाडायचा असेल तर पिवळा पुरत नाही, लालच लागतो. तटस्थ राहणारा देश नकळत ठराव मंजूर होणे सोपे करत असतो, आणि तिथल्या राजदूतांना हे पक्के ठाऊक असते.

फलकावर काही देशांपुढे दिवाच नसतो. २ मार्च २०२२ ला रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ अशी मते पडली. बेरीज १८१. उरलेले १२ कुठे गेले? मोरोक्को, इथिओपिया असे काही देश गैरहजर होते. व्हेनेझुएलाची वर्गणी थकली होती म्हणून त्याला मतच नव्हते. सनदेच्या कलम १९ नुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की मताचा हक्क जातो. सोसायटीच्या मेंटेनन्सचे नियम आठवले ना? म्हणून "गैरहजर" या एका शब्दात मुद्दाम टाळणारा आणि मत देताच न येणारा असे दोघेही येतात.

पिवळ्याच्या छटा

भारत २ मार्च २०२२ ला तटस्थ राहिला, तेव्हा आपली हजारो मुले युक्रेनमध्ये अडकलेली होती. त्यातली बरीच वैद्यकीय शिक्षणाला गेलेली, महाराष्ट्रातलीही पुष्कळ. आमसभेत मताच्या आधी किंवा नंतर देश आपली भूमिका सांगतात, त्याला मतदानाचे स्पष्टीकरण म्हणतात. भारताच्या त्या स्पष्टीकरणात हिंसा तातडीने थांबावी, देशांचे सार्वभौमत्व आणि अखंडता पाळली जावी, आणि आमच्या नागरिकांना सुरक्षित बाहेर पडू द्यावे, हे मुद्दे होते. मत पिवळे होते, पण भाषण कोरे नव्हते.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला रशियाने मागणी केली की युक्रेनचे प्रदेश जोडून घेण्यावरचे मतदान गुप्त व्हावे. ही मागणी मान्य करायची का, यावरच मतदान झाले. तिथे भारत तटस्थ नव्हता. उघड मतदानाच्या बाजूने, म्हणजे रशियाच्या मागणीविरुद्ध, भारताने मत दिले. दोनच दिवसांनी मूळ ठराव आला तेव्हा मात्र पुन्हा पिवळा. बातमी पिवळ्याची झाली, आदल्या मताकडे थोड्यांचेच लक्ष गेले.

२७ ऑक्टोबर २०२३ लाही असेच झाले. वर सांगितलेल्या कॅनडाच्या दुरुस्तीच्या बाजूने भारताने मत दिले. ती पडल्यावर मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ ला युद्धबंदी मागणारा दुसरा ठराव आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. १२ जून २०२५ ला युद्धबंदीच्याच आणखी एका ठरावावर भारत पुन्हा तटस्थ होता. यातले कोणते बरोबर, हे तुम्ही आपापल्या मताने ठरवा. घरोघरी त्यावर वाद व्हावेत, काही हरकत नाही. पण फक्त एका दिवशीचा दिवा दाखवून "भारताची भूमिका हीच" म्हणणाऱ्याने उरलेले तीन दिवे झाकले आहेत, एवढे लक्षात असू द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. फलकावरचा आकडाही शेवटचा नसतो. ऑक्टोबर २०२३ च्या त्या ठरावावर आधी १२०–१४–४५ अशी नोंद झाली. इराकने नंतर कळवले की आपल्याला बाजूने मत द्यायचे होते, आणि १२१–१४–४४ असा आकडा आला. म्हणून मतांचा फोटो पुढे पाठवण्यापूर्वी एक दिवस थांबलेले बरे.

टक्क्यांचा मोह

"भारत अमेरिकेशी इतके टक्के जुळतो आणि रशियाशी तितके" असे तक्ते नेहमी दिसतात. हे टक्के काढतात कसे, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. दोन देशांची दहा मते घेतली. सहा वेळा दोघे सारखे, दोन वेळा एकाचे हिरवे तर दुसऱ्याचे लाल, आणि दोन वेळा एकाचे हिरवे तर दुसऱ्याचे पिवळे. जुळणी किती?

फक्त तंतोतंत सारखी मते मोजली तर ६० टक्के. तटस्थ मत असलेली मतदाने सोडून दिली तर आठांत सहा, म्हणजे ७५ टक्के. राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी १९६३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने तटस्थ मताला अर्धी जुळणी धरली तर ७० टक्के. माहिती तीच, उत्तरे तीन. तक्ता कोणत्या पद्धतीने केला हे लिहिलेले नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवावा.

दुसरी अडचण विषयांची. आमसभेत काही ठराव दरवर्षी येतात. क्युबावरचे अमेरिकेचे निर्बंध उठवावेत हा ठराव १९९२ पासून येतो आहे. २०२४ मध्ये तो १८७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला आणि ते दोघे म्हणजे अमेरिका व इस्रायल. पॅलेस्टाइनवरचे ठरावही दरवर्षी अनेक असतात. त्यामुळे जगातल्या जवळपास प्रत्येक देशाची अमेरिकेशी जुळणी कमी दिसते, भारताचीही. पण याच काळात भारत-अमेरिका संरक्षण, व्यापार आणि शिक्षणाचे संबंध वाढतच गेले. मतांची जुळणी ही मैत्रीची मोजपट्टी नाही.

यावर अभ्यासकांनी चांगला उपाय काढला आहे. मायकेल बेली, अँटन स्ट्रेझ्नेव्ह आणि एरिक वूटन यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, वेगवेगळ्या वर्षी जवळपास त्याच शब्दांत पुन्हा आलेले ठराव वर्षांना जोडणाऱ्या पुलासारखे वापरले जातात. त्यामुळे देश बदलला की फक्त कार्यक्रमपत्रिका बदलली, हे वेगळे करता येते. त्यांची माहिती सर्वांना खुली आहे. ज्यांना कोड लिहिता येतो त्यांच्यासाठी एक सूचना: त्या कोष्टकात बाजूने १, तटस्थ २, विरोधात ३, गैरहजर ८ आणि सभासदच नसेल तर ९ अशी खूण असते. आठ आणि नऊ आधी वेगळे काढा, मगच सरासरीला हात घाला.

वर्षानुवर्षांची रांग

माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवते ती एका विषयावरची मतांची रांग. १९७५ मध्ये आमसभेने झायोनवाद हा वंशवादाचा प्रकार आहे असा ठराव केला, भारत बाजूने होता. १६ डिसेंबर १९९१ ला तो ठराव रद्द करण्याचा ठराव आला, भारत त्याच्याही बाजूने होता. सहा आठवड्यांनी, २९ जानेवारी १९९२ ला, भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. बदल जाहीर होण्याआधी मतात दिसला होता.

श्रीलंकेचेही तसेच. मानवी हक्क परिषदेत २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांच्या बाजूने मत दिले, २०१४ मध्ये तटस्थ राहिला. ही रांग समजायला जिनिव्हाइतकेच चेन्नईकडेही पाहावे लागते. मार्च २०१३ मध्ये याच प्रश्नावर द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला होता. परदेशातल्या मताची मुळे पुष्कळदा घरातच असतात.

आणि पैसा? तोही आहे. इल्याना कुझिएम्को आणि एरिक वर्कर यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसले की एखादा देश सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेवर आला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते. उलट बाजूही आहे. २९ नोव्हेंबर १९९० ला कुवेतमधून इराकला हटवण्यासाठी बळाचा वापर करू देणाऱ्या ठरावाला येमेन आणि क्युबाने विरोध केला. त्यानंतर अमेरिकेने येमेनची मदत कापली. त्या संकटातील येमेनच्या एकूण भूमिकेमुळे सौदी अरेबियातून लाखो येमेनी कामगारांना घरी परतावे लागले. आखातातल्या पगारावर चालणारी घरे आपल्याकडेही आहेत, तेव्हा याचा अर्थ वेगळा सांगायला नको. छोट्या देशाचे मत नुसते तत्त्वाचे नसते, त्यात कुणाची तरी चूलही असते.

तुम्ही करून पाहा

आपल्या मंडळातली कितीतरी मुले-मुली शिकायला, नोकरीला बाहेर जातात. तिथे कुणी ना कुणी विचारणारच, "तुमच्या देशाने असे मत का दिले?" तेव्हा आक्रमक होण्याची गरज नाही आणि ओशाळण्याचीही नाही. एक विषय निवडा. त्यावरची भारताची आठ-दहा मते कागदावर उतरवा. तारीख, सभा, बाजूने-विरोधात-तटस्थ आकडे, भारताचे मत आणि भारताने दिलेले स्पष्टीकरण असे पाच रकाने करा. एका रविवारचे काम आहे. घरात १९६१ किंवा १९७१ आठवणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत घ्या, रकाने भरताना गप्पा छान होतात. एवढे केल्यावर सरकारचे मत तुम्हाला पटलेच पाहिजे असे नाही. पण पटले तर का आणि नाही पटले तर नेमके कुठे, हे तुम्हाला सांगता येईल.

आमसभेत नौरूच्या सुमारे बारा हजार लोकांसाठी एक बटण दाबले जाते आणि आपल्या १४० कोटींसाठीही एकच. ते बटण आपल्या नावाने दाबले जाते. दिव्याचा रंग कोणताही असो, त्यामागचा अर्थ विचारायचा हक्क आपला आहे, आणि तो समजून घ्यायचे कामही आपलेच.